ज्ञानकोशा, माझ्यामागे म्हण!

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. नको, मिटू नका. मिटलेत तर पुढचं वाचणार कसे? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा की विश्रांतवाडीतल्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, सकाळी अकरा वाजता एक एकाहत्तर वर्षांच्या बाई कपड्यांच्या कपाटात बसल्या आहेत. दार आतून ओढून घेतलंय. डोक्यावर लग्नातला शालू लोंबतोय, मांडीवर मोबाइल आहे, आणि आतून खणखणीत आवाज येतोय, "कोंढवा! म्हणा, कोंढवा!" खोलीच्या दारात खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेतलेला माणूस उभा आहे. तो बिचारा इकडे बघतो, तिकडे बघतो आणि हळूच म्हणतो, "कोंढवा."

झाली कल्पना? आता ती पुसू नका. आपल्याला तिथपर्यंत जायचंय.

या बाई म्हणजे विमलाबाई. चौतीस वर्षं त्यांनी पहिली अ चा वर्ग शिकवला. त्यांची शिकवण्याची पद्धत सरळ होती. त्या एक शब्द म्हणायच्या, मग "म्हणा!" म्हणायच्या, वर्ग तो शब्द म्हणायचा, मग त्या म्हणायच्या, "शाबास. हात खाली." हात कुणी वर केलेला नसला तरी "हात खाली" म्हणायचंच, कारण पहिलीच्या वर्गात कुणाचा ना कुणाचा हात वर असतोच, आणि तो कशासाठी वर आहे हे विचारण्यात शहाणपण नसतं.

निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण सवय काही निवृत्त झाली नाही. भाजीवाल्याला त्या "अर्धा किलो वांगी. म्हणा," असं सांगायच्या. त्यांचे यजमान बापूराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "माझं आयुष्य 'हॅलो, ऐकू येतंय का' विचारण्यात गेलं. घरी आल्यावर तो प्रश्न कधी पडला नाही."

समोरच्या फ्लॅटमध्ये पायल राहायला आली. चौथीतली मुलगी, दोन वेण्या, आणि जितक्या वेण्या त्याहून जास्त शब्द तोंडातून बाहेर न काढणारी. तिचे आईवडील वर्ध्याकडचे. वडील कारखान्यात, आई नम्रता दवाखान्यात नर्स. त्यामुळे सकाळची शाळा सुटली की पायल विमलाबाईंकडे यायची. बापूरावांशी ती खालच्या आवाजात पुष्कळ बोलायची. चारचौघांत मात्र गप्प.

त्यालाही कारण होतं. भूगोलाच्या तासाला शाळेतल्या बाईंनी तिला पुण्याच्या नकाशातली नावं मोठ्यानं वाचायला सांगितली. नवीन मुलगी, नवीन गाव. ती चांगली वाचत होती, पण धनकवडीपाशी अडली. "धनक..." म्हणून थांबली आणि मग म्हणाली, "वडी." मागच्या बाकावरून आमोद ओरडला, "एक प्लेट!" सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून पायलनं वर्गात तोंड उघडलं नाही. हजेरीलाही ती नुसता हात वर करायची.

हा आमोद त्याच सोसायटीतला, तिसऱ्या मजल्यावरच्या कुसुमताईंचा मुलगा. पुढं लागेल म्हणून सांगून ठेवतो.

नम्रतानं हे सांगितलं तेव्हा विमलाबाईंनी चष्मा काढला. त्या चष्मा काढतात तेव्हा कुणाचं तरी काही खरं नसतं. "अगं, पण मुलीनं आधी कुठं तरी ऐकायला नको का? नाव छापलेलं असतं, पण ते म्हणायचं कसं हे कोण सांगणार?"

"इंटरनेटवर तो ज्ञानकोश आहे ना," बापूराव म्हणाले, "त्यात सगळं असतं."

त्यांनी धनकवडीचा लेख उघडला. लोकसंख्या होती. पिनकोड होता. नाव तोंडानं घ्यायचं कसं, हे कुठं नव्हतं.

"म्हणजे ज्ञानकोशाला वाचता येतं, बोलता येत नाही," विमलाबाई म्हणाल्या. "पहिलीत बसवायला हवा."

आणि त्यांनी जाहीर केलं, की पुण्याच्या आसपासच्या पंचवीस नावांचे उच्चार त्या स्वतःच्या आवाजात ज्ञानकोशात घालणार. पायलनं ते घरी बसून ऐकायचे, आणि सत्तावीस फेब्रुवारीला, मराठी भाषा दिनाला, सोसायटीच्या कार्यक्रमात ती सगळी नावं माईकवर म्हणून दाखवायची. पायलनं मान हलवली. होकारार्थी होती की नकारार्थी, ते वेण्यांमुळे कळलं नाही.

त्या ज्ञानकोशात कुणालाही लिहिता येतं, हे चौथ्या मजल्यावरच्या कल्याणीनं समजावलं. ही आयटीतली मुलगी, घरूनच काम करणारी. तिनं आधी उच्चार लिहायची जागतिक चिन्हं दाखवली.

"हे e उलटं का पडलंय?" विमलाबाईंनी विचारलं.

"काकू, तो सिम्बॉल आहे. प्रत्येक साउंडला एक."

"पहिलीतली मुलं अशी अक्षरं काढतात. आपण ती सरळ करतो, ज्ञानकोशात घालत नाही."

मग आवाजच चढवायचा ठरला. कल्याणीनं खातं उघडून दिलं. नाव काय घ्यायचं, तर "पहिली अ".

पहिल्या दिवशी विमलाबाई खिडकीशी बसल्या. पायल स्टुलावर. बापूराव पेपरमागे. विमलाबाईंनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "ह-ड-प-स-र." शुद्धलेखन घालताना जो वेग असतो, तोच. मागच्या बाकावरच्या मुलाची पेन्सिल मोडली तरी त्याला गाठता यावं, असा. मोबाइलवर नऊ सेकंद झाले. आणि मग सवयीनं, "म्हणा!"

पायल गप्प. पण खालून, पार्किंगमधून आवाज आला, "हडपसर!"

तो अभिनव होता. सोसायटीचा सेक्रेटरी, वय एक्केचाळीस, आणि पस्तीस वर्षांपूर्वीचा पहिली अ चा हजेरी क्रमांक चार. बाईंचा "म्हणा" कानावर पडला की त्याच्या तोंडून शब्द आपोआप बाहेर पडायचा. त्यावर त्याच्याकडेही इलाज नव्हता.

"शाबास. हात खाली," विमलाबाई खिडकीतून म्हणाल्या. अभिनवनं हात खाली केला. त्याच्या हातात पाण्याच्या टाकीची किल्ली होती.

दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग केलं तेव्हा कुकरची शिट्टी झाली. तिसऱ्यांदा भंगारवाला आला. चौथ्यांदा परत कुकर. मग अभिनवनं गुरुभक्तीपोटी सूचना फलकावर कागद लावला: "सकाळी ११ ते १२ या वेळेत ज्ञानकोशाचे काम चालू असल्याने कुणीही कुकर लावू नये. शिट्टी झाल्यास कारण विचारले जाईल. हुकुमावरून."

दहा मिनिटांत कुसुमताई खाली उतरल्या. "अभिनव, आमच्या घरी साडेबाराला जेवायला बसतात. मग भात काय नुसता उच्चारून शिजवू?"

"काकू, एका तासाचा प्रश्न आहे."

"डाळीला सांग. ती ऐकली तर माझी हरकत नाही."

शेवटी कल्याणीनंच तोडगा काढला. "काकू, कपाटात बसा. कपडे साउंड अ‍ॅब्सॉर्ब करतात. आमच्याकडे पॉडकास्टवाले असंच करतात." पॉडकास्टवाले कोण हे विमलाबाईंनी विचारलं नाही. शिक्षिकेनं सगळेच प्रश्न विचारायचे नसतात.

तर आता आपण कपाटापाशी पोचलो. कपाटात आवाज खरोखर छान येत होता. अडचण डांबरगोळ्यांची होती. पहिली पाच नावं शिंकांत गेली. सहावं नाव चाललं असताना सिलिंडरवाला आला आणि त्याचं काय झालं, ते तुम्हाला माहीतच आहे. पायल दाराशी उभी राहून बापूरावांना कुजबुजली, "आजोबा, आजी कपाटात काऊन बसली?"

"तुझ्यासाठी," बापूराव म्हणाले. "बत्तीस वर्षांपूर्वी माझ्यावर चिडून बसली होती. तेव्हा एवढा वेळ नव्हती बसली."

पायल हसली. मग आतून "म्हणा!" आलं. सिलिंडरवाल्यानं म्हटलं, खालून अभिनवनं म्हटलं, बापूरावांनीसुद्धा पेपरमागून म्हटलं. जिच्यासाठी सगळा खटाटोप, तिनं तेवढं म्हटलं नाही.

पंचविसांच्या यादीत विमलाबाईंनी एक सव्विसावं नाव गुपचूप घातलं होतं. पायलच्या गावाचं, पिंपळखुट्याचं. तिला आनंद होईल म्हणून. त्यांनी तिला विचारलं, "तुमच्या गावाला तुम्ही काय म्हणता गं?"

पायलनं आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच सांगितलं, "पिपयखुटा."

"नाही बाळ. पिं-प-ळ-खु-टा. ळ. जीभ अशी मागे वळव. म्हण."

पायलनं जीभ वळवली की नाही ते कळलं नाही, कारण तोंडच मिटलं. बापूरावांनी पेपर खाली केला, बायकोकडे बघितलं, आणि परत वर केला. टेलिफोन खात्यातल्या माणसाला लाइन कुठं तुटली ते कळतं.

रविवारी सव्वीसच्या सव्वीस आवाज कल्याणीनं ज्ञानकोशात चढवले. जिथं संदर्भ विचारला होता, तिथं विमलाबाईंनी बाणेदारपणे लिहायला लावलं: "संदर्भ: मी."

सोमवारी सकाळी सगळे गायब. त्या जागी "कडकचहा" नावाच्या कुणा संपादकाचा निरोप: "बदल उलटवले आहेत. कारणे: १. संदर्भ नाही. २. उच्चारानंतर 'म्हणा', 'शाबास', 'हात खाली' असा मजकूर आहे. ३. एका फाइलमध्ये शिंक आहे. नियम वाचावेत."

विमलाबाईंनी निरोप दोनदा वाचून घेतला. "माणूस पेठेतला दिसतोय," त्या म्हणाल्या. रागावल्या होत्या, पण आवाजात थोडा आदरही होता.

"संदर्भ म्हणजे काय हो काकू, कुठं तरी ऑफिशियल काही मिळालं तर," कल्याणी म्हणाली.

म्हणून विमलाबाई दोन बस बदलून मांजरीकडच्या एका कचेरीत गेल्या. पायललाही नेलं, नवीन गाव पाहिलं की मुलं बोलू लागतात, असा त्यांचा अनुभव. टेबलामागे कोंडीराम नावाचे कारकून होते. विमलाबाईंनी अर्ज पुढं केला. विषय: गावाच्या नावाच्या उच्चाराचा दाखला मिळणेबाबत.

कोंडीरामांनी अर्ज सरळ धरून वाचला, मग तिरका धरून वाचला. "बाई, आमच्याकडं नाव लिवल्यालं आस्तं. बोलल्यालं नस्तं."

"पण तुम्ही रोज म्हणत असाल ना?"

"म्हनतो की. पर दाखला न्हाई. रहिवासाचा हाय, उत्पन्नाचा हाय, हयातीचा हाय. उच्चाराचा न्हाई."

"मग तुम्हीच म्हणून दाखवा. मी मोबाइलमध्ये घेते."

"ड्युटीवर न्हाई म्हनता येत. साह्यबाची परवानगी लागंल. साह्यब मीटिंगला गेलेत."

"कुठं?"

"मांजरीत," कोंडीराम म्हणाले, आणि म्हणून गेल्यावर जीभ चावली. विमलाबाईंचा मोबाइल बंद होता. चालू करेपर्यंत कोंडीराम सावध झाले होते आणि "हितंच, गावात," एवढ्यावर आले होते. शेवटी त्यांनी अर्जावर आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि म्हणाले, "पंधरा दिसांनी या." बाहेर पडताना पायल तोंडावर हात ठेवून हसत होती. बोलली मात्र नाही.

शिक्क्याचा फोटो संदर्भ म्हणून चढवला. कडकचहानं उलटवला. "हा अर्ज केल्याचा पुरावा आहे, उच्चाराचा नाही. दुसरा इशारा." खाली मात्र एक ओळ जादा होती. ती कल्याणीनं मोठ्यानं वाचली: "पिंपळखुट्याबद्दल: आपण त्या गावच्या आहात का? नसल्यास तिथल्या माणसाचा आवाज आणावा. तो चालेल."

"तिथल्या माणसाचा!" विमलाबाई म्हणाल्या. "तो माणूस ळ नीट म्हणेल याची खात्री कोण देणार?"

स्टुलावर बसलेली पायल आपल्या बुटाच्या नाडीकडे बघत राहिली.

मग "म्हणा" शिवाय रेकॉर्डिंग करायचा प्रयत्न झाला. शब्द संपला की लगेच तोंडात टाकायला बापूराव हातात श्रीखंडाची गोळी घेऊन उभे राहिले. विमलाबाई म्हणाल्या, "भो-स-री," आणि तोंड उघडंच ठेवलं. गोळी आत गेली. "म्हणा" गिळलं गेलं. पण ते गिळल्यानंतर त्यांच्या भुवया इतक्या अपेक्षेनं वर गेल्या, की बापूरावांच्याच तोंडून निघालं, "भोसरी!" रेकॉर्डिंगमध्ये ते स्वच्छ ऐकू येत होतं. बाकीचं असंच. तरी कल्याणीनं ते सगळं परत चढवलं.

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण विमलाबाईंना राहवलं नाही. कडकचहाचा दुसरा इशारा त्यांनी कल्याणीकडून छापून घेतला, लाल पेननं तपासला आणि त्याचा फोटो त्याच पानावर चढवला. दोन ठिकाणी गोल, एका ठिकाणी प्रश्नचिन्ह. खाली शेरा: "दहापैकी चार. भाषेत नम्रता नाही. पालकांची सही घेऊन येणे."

"काकू, हे नको होतं," कल्याणी म्हणाली.

"चुकलेल्याला चुकलं म्हणून सांगायचं नाही? मग मी चौतीस वर्षं काय केलं?"

बापूराव म्हणाले, "ते आम्हालाही विचारायचं होतं."

सत्तावीस फेब्रुवारी उजाडला. पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्या. अभिनवनं भिंतीला पांढरा पडदा लावला आणि फलकावर कार्यक्रम पत्रिका: "सायंकाळी ठीक सात. ज्ञानकोशातून विमलाबाईंचा आवाज. त्यानंतर कु. पायल त्या नावांचे उच्चारण करील. उशिरा येणाऱ्यांनी मागे उभे राहावे व तक्रार करू नये."

पायल निळ्या फ्रॉकमध्ये पहिल्या रांगेत. हात मांडीखाली दाबलेले. नम्रता रजा टाकून आलेली. विमलाबाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "आधी माझा आवाज लागेल. तू फक्त त्याच्या मागोमाग म्हणायचंस. घाबरायचं नाही." या मुलीनं आज तोंड उघडलं नाही, तर पुढं कधी उघडेल, हे चौतीस वर्षांचा अनुभव असूनही त्यांना सांगता आलं नसतं.

अभिनवनं बाईंच्या खात्यातून धनकवडीचा लेख उघडला. लोकसंख्या आली. पिनकोड आला. आवाजाचं बटण कुठंच नव्हतं. हडपसर, नाही. भोसरी, नाही. मग त्यानं कुठं तरी काही दाबलं आणि पडद्यावर हातभर अक्षरं उमटली: "सदस्य पहिली अ. खाते तीन दिवसांसाठी बंद. कारण: बेशिस्त वर्तन."

सगळ्या पार्किंगनं ते मनातल्या मनात वाचलं. कुसुमताईंनी मोठ्यानं वाचलं. मग मागच्या रांगेतून आमोद ओरडला, "आजींना बाकावर उभं करा!"

आणि सगळे हसले. वाईट मनानं नाही. पण हसणाऱ्याचं मन ऐकणाऱ्याला दिसत नाही. अभिनव हसला नाही, तो स्टँडवरच्या माईकचा गोळा हातात धरून नुसता उभा राहिला. विमलाबाई उठल्या. त्यांनी चष्मा काढला. आता काही तरी खणखणीत येणार म्हणून लोक गप्प झाले. त्यांनी तोंड उघडलं, आणि मुलांनो, त्या तोंडातून काहीही आलं नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी परत चष्मा लावला, परत काढला.

पायल त्यांच्याकडे बघत होती. अडल्यावर घसा कसा होतो ते त्या सगळ्या पार्किंगमध्ये दोघींनाच माहीत होतं.

ती उठली. माईकपाशी गेली, अभिनवच्या हातातून तो सोडवला आणि आपल्या उंचीपर्यंत खाली ओढला. माईक किंचाळला. ती दचकली, पण हात सोडला नाही. पंचवीस नावांचा कागद फ्रॉकच्या खिशात होता. तो तिनं काढलाच नाही.

"पिपयखुटा," पायल म्हणाली. आणि लगेच, "म्हणा!"

"पिपयखुटा!" अभिनवनं आधी म्हटलं, मग सगळ्यांनी. त्यांचा इलाजच नव्हता. आमोदनंही म्हटलं. कल्याणीनं घाईघाईनं मोबाइल वर धरला.

पायलनं सगळ्या रांगांवरून नजर फिरवली आणि एका जागी थांबवली. "आजी, तुम्ही नाही म्हटलं."

विमलाबाईंनी घसा साफ केला. "पिं-प-ळ..."

"नाही आजी. जीभ नका वळवू. परत."

"पिपळ..."

"परत."

बापूराव पेपर विसरून बघत होते. विमलाबाईंनी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा त्या पहिलीत बसल्या होत्या. "पिपयखुटा," त्या म्हणाल्या, तीन सेकंदांत.

पायलनं क्षणभर विचार केला. मग मान हलवली, आणि या वेळी ती होकारार्थी होती हे वेण्या असूनही सगळ्यांना कळलं.

"शाबास," ती माईकवर म्हणाली. "हात खाली."